गळती नक्की कुठे? मंडेरिंग ते कालगूर्ली, पाइपलाइनच्या कडेकडेने

नाना म्हणजे माझे सासरे. मुंबईच्या पाणीखात्यात ३४ वर्षं काढली, आधी मजूर, मग फिटर, शेवटी मुकादम. यंदा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ऑस्ट्रेलियात पर्थला आले. किंग्ज पार्क, बीच, कांगारू सगळं दाखवून झालं, प्रत्येक ठिकाणी "छान आहे" एवढंच म्हणायचे आणि घरी येऊन टीव्हीसमोर बसायचे. मग एका रविवारी नॉर्थमकडे चाललो होतो, रस्त्याच्या कडेने ती जाडजूड पाइपलाइन सुरू झाली आणि नाना सीटवर एकदम सरसावून बसले.

"ही लाइन कुठली हो, जावईबापू?"

म्हटलं कालगूर्लीला जाते, सोन्याच्या खाणींकडे, इथून साडेपाचशे किलोमीटर. नाना दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "आणि लीकेज किती?"

तिथेच ठरलं. बायकोला सुट्टी नव्हती, ती म्हणाली तुम्ही दोघं पाइपवाले जा, मला वाचवा. माझंही आयुष्य पाइपातच गेलंय, पाइप इन्स्पेक्शन, म्हणजे कारखान्यात उभं राहून दुसऱ्याच्या मालात खोट काढायची आणि वर सही करायची. आणि ह्या लाइनबद्दल मला पूर्वीपासून एक कुतूहल होतं, की एवढ्या मोठ्या योजनेत पाइपांवरून, जॉइंटवरून बोंबाबोंब झाली, चौकशी आयोग बसला, चीफ इंजिनिअरने जीव दिला, तर मुळात खोट होती कशात? हे सगळं रस्त्यावर, ज्या त्या जागी उभं राहून बघायचं होतं.

पहिला दिवस. पर्थ ते मंडेरिंग, मुक्काम नॉर्थम

सकाळी निघायला साडेनऊ वाजले कारण नानांना डबा हवा होता. मेथीचे ठेपले, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. पर्थपासून मंडेरिंग तासाभराच्या आत येतं, डोंगर चढून झाडीत शिरलं की हेलेना नदीवरचा बंधारा दिसतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. १८९२ ला कूलगार्डीत सोनं सापडलं, १८९३ ला कालगूर्लीत, आणि हजारो माणसं त्या वाळवंटात घुसली जिथे प्यायला पाणीच नाही. जमिनीतलं पाणी खारट, ते उकळून वाफेचं पाणी करायचे आणि गॅलनवर विकायचे. टायफॉइडने माणसं मेली. तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही ब्रिटिशांची वसाहत, तिचा मुख्यमंत्री जॉन फॉरेस्ट आणि चीफ इंजिनिअर सी. वाय. ओकॉनर, मूळचा आयरिश, न्यूझीलंडमध्ये बरीच वर्षं काम करून १८९१ ला इथे आलेला. १८९६ मध्ये फॉरेस्टने २५ लाख पौंड कर्ज काढायचं विधेयक आणलं, म्हणजे जवळजवळ वसाहतीचं वर्षाचं बजेट. प्लॅन काय, तर समुद्राच्या बाजूला डोंगरात धरण बांधायचं आणि आठ पंपिंग स्टेशनं लावून रोज ५० लाख गॅलन पाणी साडेपाचशे किलोमीटर आत आणि तेही चढावर ढकलायचं. ओकॉनरचा हिशोब होता की हजार गॅलनला साडेतीन शिलिंग पडतील. लोकांनी वेड्यात काढलं, पेपरवाल्यांनी तर झोडपून काढलं.

बंधाऱ्यावर गेलो तर नाना पाण्याकडे बघेचनात, खाली भिंतीच्या पायथ्याकडे बघत होते. मी सांगितलं की पाया खोदताना नदीपात्राखालच्या खडकात मोठी भेग निघाली म्हणून अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल जावं लागलं, आणि वरची उंची नंतर १९५१ मध्ये वाढवली. "पाया निघाला वाईट की काम लांबतं आणि शिव्या वरच्याला," नाना म्हणाले. त्यांच्याकडे अशा प्रत्येक गोष्टीवर एक वाक्य तयार असतं.

खाली एक नंबरचं पंपिंग स्टेशन आहे, विटांचं, उंच धुराड्याचं, आता म्युझियम. पाइपचा नमुना बघितला आणि माझं धरण, पंप, चिमणी सगळं विसरायला झालं.

हा पाइप म्हणजे काय चीज आहे सांगतो. त्या काळी मोठा स्टीलचा पाइप म्हणजे रिव्हेट मारलेला. प्लेट गोल वाकवायची, कडा एकमेकांवर घ्यायच्या, ओळीने भोकं पाडायची, रिव्हेट ठोकायचे. म्हणजे तुम्ही पाण्यासाठी पाइप करताय आणि स्वतःच्याच हाताने त्याला हजारो भोकं पाडताय. प्रत्येक भोक म्हणजे उद्याची गळती, शिवाय आतून रिव्हेटची डोकी पाण्याला अडवणार, म्हणजे पंपाला जास्त कोळसा. मेफन फर्ग्युसन नावाच्या मेलबर्नच्या कारखानदाराने यावर तोड काढली. दोन अर्धगोल प्लेटा घ्यायच्या, २८ फूट लांब, त्यांच्या कडा थोड्या ठेचून जाड करायच्या, मग इंग्रजी एच अक्षरासारखी पट्टी दोन्ही बाजूंना घालायची, प्लेटांच्या जाड कडा त्या खाचांत बसवायच्या आणि हायड्रॉलिक प्रेसने पट्टी दाबून टाकायची. झालं. एकही भोक नाही. लॉकिंग बार पाइप. बाहेरून बघाल तर पाइपच्या दोन्ही अंगांना लांबच लांब एक उभट पट्टी दिसते, धोतराच्या काठासारखी.

३० इंच व्यासाचे असे साठ हजाराच्या वर पाइप लागले. काँट्रॅक्ट १८९८ मध्ये दोघांत वाटून दिलं, अर्धं फर्ग्युसनला, अर्धं हॉस्किन्स बंधूंना, दोघांनी पर्थजवळ कारखाने टाकले, प्लेटा जर्मनीहून आणि अमेरिकेहून बोटीने आल्या. एकूण दहा लाख पौंडांचं काम. एकेक पाइप टनाच्या वर वजनाचा, डांबर आणि अस्फाल्टच्या गरम मिश्रणात बुडवून काढलेला, म्हणजे आत बाहेर कोटिंग.

मी नमुन्याच्या पट्टीवर बोट फिरवत राहिलो. इन्स्पेक्टरची सवय, फट शोधतो माणूस. फट नाही. सव्वाशे वर्षांनी पण नाही. नानांना म्हटलं, "नाना, हा माल मी पास केला असता."

नाना म्हणाले, "पाइप कधी गळत नाही हो. जॉइंट गळतो."

हे वाक्य लक्षात ठेवा.

नॉर्थमला मोटेलमध्ये उतरलो. ऑगस्टअखेरची थंडी, हीटर लावला तर कुबट वास. ठेपले संपवले.

दुसरा दिवस. नॉर्थम, मेकरिंग, कंडरडिन, मेरेडिन

हा दिवस सगळ्यात भरगच्च.

नॉर्थम सोडलं की शेतं सुरू होतात, कनोलाची पिवळीजर्द, आपल्याकडच्या मोहरीच्या घरातलंच पीक, आणि त्या पिवळ्यातून ती लाइन. कधी रस्त्याच्या डावीकडे, कधी उजवीकडे, मैलोन्‌मैल. नानांना तानसा आठवत होती. मुलुंड भांडुपकडे तानसाच्या लाइनी जमिनीवरून जातात ना तसं, फक्त इथे आजूबाजूला वस्ती नाही, क्रिकेट खेळणारी पोरं नाहीत, वर वाळत घातलेल्या गोधड्या नाहीत. "लाइन एकटी पडलीय," नाना म्हणाले. तानसाचं पाणी मुंबईत १८९२ ला आलं, म्हणजे कूलगार्डीला सोनं सापडलं त्याच वर्षी, हे मी सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला, उगाचच.

मेकरिंगला थांबलो. १४ ऑक्टोबर १९६८ ला इथे मोठा भूकंप झाला, गावाची धूळधाण झाली, आणि ही पाइपलाइन एका ठिकाणी चुरमडली. तो तुकडा गावात जपून ठेवलाय. स्टीलचा एवढा पाइप आणि जिलबीच्या पिठासारखी वळी पडलीय त्याला. नाना त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. "ह्याला मात्र कोणाची चूक नाही. चौकशी नको." मला हसू आलं पण ते सिरियस होते.

मग कंडरडिन. इथे तीन नंबरचं स्टेशन, तेही आता म्युझियम, धुराडं लांबूनच दिसतं. बाहेर एका झाडाखाली बसून चहा घेतला आणि नानांना जॉइंटची गोष्ट सांगितली, म्हणजे मी काय सांगणार, अर्धी त्यांनीच मला सांगितली.

लॉकिंग बार पाइप तर झाले, पण ते एकमेकांना जोडायचे कसे? वेल्डिंग त्या काळी नाही. तर दोन पाइपांची टोकं समोरासमोर, वरून एक स्टीलची रिंग, रिंग आणि पाइप यांच्या मधल्या फटीत वितळलेलं शिसं ओतायचं आणि ते थंड झालं की छिन्नी हातोडीने ठोकून ठोकून घट्ट बसवायचं. कॉकिंग म्हणतात याला.

नाना एकदम खुलले. "अहो आम्ही तेच केलं आयुष्यभर! बिडाच्या पाइपाला. आधी सुतळी कोंबायची, नीट ठासायची, मग तोंडाला ओल्या मातीची वळी लावायची, वर एक भोक ठेवायचं आणि शिसं एका दमात ओतायचं. एका दमात हां. थांबलात की मेलात, मधे थर पडतो, तिथून गळणार. आणि ओली सुतळी राहिली आत तर शिसं उडतं." त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर तीन पांढरे ठिपके, तांदळाच्या दाण्याएवढे. पंधरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, मला वाटायचं देवीचे व्रण आहेत.

"आणि ठोकायचं कसं," नाना सांगत होते, "पातळ छिन्नीपासून सुरुवात, मग जाड, मग अजून जाड. गोल फिरत फिरत. कंटाळा आला की माणूस खालची बाजू सोडतो, कारण खाली आडवं पडून ठोकायला लागतं, खड्ड्यात चिखल. म्हणून गळणारा जॉइंट बहुतेक खालनं गळतो."

आता विचार करा, साठ हजार पाइप म्हणजे साठ हजार जॉइंट, सगळे खंदकात, आणि प्रत्येकाची खालची बाजू आडवं पडून ठोकायची. हाताने काम फार हळू चाललं होतं. तेव्हा काउस्टन नावाच्या माणसाने विजेवर चालणारं कॉकिंग मशीन काढलं. पाइपभोवती बसतं आणि शिसं सगळीकडून सारखं दाबतं. आयडिया चांगली, कामही भराभर व्हायला लागलं. पण मशीनवाल्यांना काँट्रॅक्ट कसं दिलं, कोणी दिलं, कोणाच्या सांगण्यावरून, यावर गदारोळ सुरू झाला. विरोधक, पेपर, विधिमंडळ. तोपर्यंत फॉरेस्ट १९०१ ला केंद्राच्या राजकारणात निघून गेला होता, म्हणजे ओकॉनरच्या डोक्यावरचं छत्रच गेलं. १९०२ च्या फेब्रुवारीत रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमायचं ठरलं. आणि १० मार्च १९०२ ला सकाळी ओकॉनर नेहमीप्रमाणे घोड्यावरून फ्रीमँटलच्या दक्षिणेला किनाऱ्यावर गेला, घोडा पाण्यात घातला आणि स्वतःला गोळी मारून घेतली.

नाना काही बोलले नाहीत. कप विसळला.

मी माझी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. बरीच वर्षं झाली, गुजरातमध्ये एका जॉबवर होतो, कोणाचं नाव घेत नाही. हायड्रोटेस्टला, म्हणजे पाणी भरून दाबाखाली तपासतात तेव्हा, लाइन प्रेशर धरेना. रात्री भरायची, सकाळी काटा खाली. तीन दिवस नुसत्या मीटिंगा. लाइन टाकणारा म्हणतो पाइप खराब, पाइपवाला म्हणतो वेल्डिंग खराब, मालक म्हणतो इन्स्पेक्टर झोपला होता काय. इन्स्पेक्टर मी. तीन दिवस मला जेवण गेलं नाही, सगळे सर्टिफिकेट काढून हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या घाण्याचे नंबर, तपासत बसलो होतो, बायकोला फोनवर सांगितलं नोकरी गेली समज. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या फिटरने टोकाच्या व्हॉल्व्हची गास्केट काढून दाखवली, अर्धी फाटलेली. दीडदोनशे रुपयांची वस्तू. कोणी मला सॉरी म्हटलं नाही, कोणाच्या लक्षातही नव्हतं की म्हणायला पाहिजे.

ओकॉनरच्या कमिशनचंही तसंच झालं. त्याच्यावर व्यक्तिशः भ्रष्टाचाराचं काही सिद्ध झालं नाही. पण ते तो गेल्यावर.

निघताना लाइनपाशी गेलो. नानांनी डिकीतून व्हील स्पॅनर मागितला. मला वाटलं ठोकतायत की काय, म्हटलं नाना इथे फाइन लावतात. तर त्यांनी स्पॅनरचं एक टोक पाइपला टेकवलं, दुसरं टोक कानामागच्या हाडाला, डोळे मिटले. मुंबईत रात्रीच्या वेळी ते असाच रॉड लावून गळती शोधायचे, ज्या भागाला पाणी चालू असेल त्याच वेळेत, नाहीतर काही ऐकू येत नाही. बारीक भोक असेल तर शिट्टीसारखं वाजतं, जॉइंट सुटला असेल तर भसाभसा, आणि लांब कुठेतरी असेल तर नुसतं हुळहुळतं. दोन मिनिटं उभे होते तसेच. बाजूने एक रोड ट्रेन म्हणजे तीन डब्यांचा लांब ट्रक गेला, ड्रायव्हरने हॉर्न मारला.

"चालू आहे," नाना म्हणाले. "शांत चालू आहे. तुम्ही पण लावून बघा." लावलं. पोटात दुखतं तेव्हा आईच्या पोटावर कान ठेवल्यासारखा आवाज, गडगड नाही, एकसारखा घुमणारा.

मेरेडिनला पोचायला संध्याकाळ झाली. इथे चार नंबर, आणि गंमत म्हणजे तीन पिढ्यांची तीन पंपिंग स्टेशनं शेजारी शेजारी, वाफेचं, मग विजेचं, मग हल्लीचं. नानांना हल्लीचं अजिबात आवडलं नाही, पत्र्याचा डबा म्हणाले. पबमध्ये जेवायला व्हेज म्हणून चिप्स आणि सॅलड.

तिसरा दिवस. मेरेडिन ते कूलगार्डी

आज नुसतं ड्रायव्हिंग. सदर्न क्रॉस गेलं की शेतं संपतात आणि तांबूस खोडांची निलगिरीची झाडं लागतात, सुंदर पण तास न् तास तीच. मधे घूली, गिलगाई, डेडारी अशी जुन्या स्टेशनांची नावं. नाना नावं वाचून हसत होते, गिलगाई म्हणजे आमच्या कोकणातलं गाव वाटतं म्हणाले.

पण खरी खोट मला आज सांगायची होती, म्हणून गाडीत तेच चालू.

पाइप आला, जॉइंट झाला, पाणी डिसेंबर १९०२ मध्ये कूलगार्डीला पोचलं, २४ जानेवारी १९०३ ला फॉरेस्टच्या हस्ते उद्घाटन. म्हणजे योजना चालली, ओकॉनर बरोबर होता. पेपरवाले गप्प. आणि मग, काही वर्षांतच, गळायला लागलं. ह्यावेळी मात्र जॉइंट नुसते नाहीत, पाइपच. नानांचं वाक्य इथे हरलं. बाहेरून गंज, आतून गंज. बाहेरून कारण लाइन बरीचशी जमिनीत पुरलेली आणि इथली माती खारट, डांबराचं कोटिंग जिथे पोपडलं तिथे माती स्टीलला खायला लागली. आतून गंजाच्या गाठी धरल्या, फोडासारख्या, म्हणजे भोक पडायच्या आधीच पाइप अरुंद झाला, पाणी कमी जायला लागलं, पंपावर लोड.

आणि आतून का गंजला हे ऐकून नाना म्हणाले गाडी थांबवा. खरंच थांबवली, त्यांना पायही मोकळे करायचे होते.

झालं असं की धरण भरायला वेळ लागत होता. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की ह्या झाडांमुळे पाणी जमिनीत मुरतं, झाडंच पाणी पितात, तर झाडं मारा म्हणजे पाणी वाहून धरणात येईल. १९०३ च्या सुमारास धरणाच्या वरच्या जंगलात झाडांच्या खोडाची साल गोल कापून झाडं उभ्या उभ्या वाळवली. हजारो एकरांवर. आता इथली जमीन अशी की खोलवर मीठ साठलेलं, झाडं त्यांच्या मुळांनी भूजल खाली दाबून ठेवतात. झाडं मेली, भूजल वर आलं, बरोबर मीठ घेऊन आलं, आणि ते ओढ्याओढ्यांनी धरणात उतरलं. धरणाचं पाणी खारट व्हायला लागलं. मग चूक कळली, जंगल परत वाढू दिलं, पाणी हळूहळू सुधारलं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आज ज्या खारटपणाने जातायत त्याचा पहिला मोठा धडा खरं म्हणजे इथे मिळाला होता, एका रेल्वे इंजिनिअरने १९२४ मध्ये ते नीट लिहूनही काढलं. पण तोपर्यंत आणि त्यानंतरही रान तोडणं काही थांबलं नाही.

म्हणजे बघा. मऊ पाणी, त्यात विरघळलेली हवा, त्यात थोडं मीठ, आणि पाव इंची स्टील. लंडनच्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांचे रिपोर्ट आले, पाण्यात चुना घाला, पाण्यातली हवा काढा. चुना घातला तसा थोडा फरक पडला. शेवटी १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात लोकांना काम हवंच होतं, लाइन खणून वर काढली आणि जमिनीवर मांडली. म्हणून आज ती आपल्याला रस्त्यावरून दिसते. काही भागात तर लाकडी पाइप टाकले, फळ्या गोल उभ्या करून बाहेरून तारेने आवळलेले, पिंपासारखे. लाकूड गंजत नाही ना.

नानांनी रस्त्याकडेची लाल माती चिमटीत घेतली, जिभेला लावली (मी ओरडलो), थुंकली.

"खारट आहे." मग म्हणाले, "जंगल कोणी कापलं त्याच्यावर कमिशन बसलं का?"

म्हटलं एवढं वाजलं नाही.

"तेच तर. छिन्नीवाल्याला धरतात."

माझं स्वतःचं मत सांगू का, पाइपवाल्याने पाइप चांगलाच दिला होता. त्या वेळच्या ज्ञानात त्याहून चांगला देता आला नसता. खोट ही पाइप आणि पाणी आणि माती ह्या तिघांच्या संसारात होती, आणि ती इन्स्पेक्शनला दिसत नाही, कारण इन्स्पेक्शन कारखान्याच्या गेटपाशी संपतं. मी स्वतः अशा किती सह्या केल्यात ज्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. हे नानांना नाही बोललो.

कूलगार्डी. एकेकाळी गजबजलेलं शहर, आता एक रुंद रस्ता, दगडी इमारती आणि वारा. रस्ता एवढा रुंद का, तर उंटांच्या तांड्याला वळता यावं म्हणून असं सांगतात. ते उंटवाले इथे अफगाण म्हणून ओळखले जायचे पण त्यातले बरेच आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानातून आलेले, पेशावर, बलुचिस्तान, सिंध. कराचीहून बोटीत उंट चढवायचे. पाइप यायच्या आधी ह्या भागात पाणी आणि सामान त्यांनीच वाहिलं. दफनभूमीत त्यांचा वेगळा भाग आहे, उन्हात जाऊन बघितला. नानांनी चप्पल काढून नमस्कार केला.

चौथा दिवस. कालगूर्ली

कूलगार्डीहून चाळीस किलोमीटर. सुपर पिट बघितला, खाणीचा प्रचंड खड्डा, त्यात ट्रक मुंगीएवढे दिसतात. फोटो काढले, पाच मिनिटांत कंटाळा आला दोघांनाही. हॅनन स्ट्रीटवर पॅडी हॅननचा पुतळा आहे, ज्याला इथे पहिलं सोनं मिळालं, हातात पाण्याची पखाल घेऊन बसलाय आणि त्यातून पाणी येतं. सोन्याची खाण शोधली आणि पुतळा पाणपोईचा. नानांना हे पटलं, त्यांनी तिथेच घोटभर प्यायलं आणि आपली स्टीलची बाटली भरून घेतली.

मग माउंट शार्लट. छोटी टेकडी, वर जलाशय, इथे लाइन संपते. उद्घाटनाच्या दिवशी फॉरेस्टने इथेच पाणी सोडलं, त्या दिवशी चाळीस डिग्रीच्या पुढे ऊन होतं म्हणतात. वरून सगळं गाव दिसतं, पत्र्याची छपरं, मागे खाणीचे ढिगारे. नाना व्हॉल्व्ह शोधत होते. कुंपणाबाहेरून जेवढं दिसतं तेवढं बघितलं. "शेवटच्या नळाला प्रेशर आलं की खालच्या सगळ्यांना विचारायची गरज नाही," म्हणाले. त्यांच्या विभागात म्हणे टेकडीवरच्या चाळीतल्या एका आजीबाई पाणी आलं की खिडकीत पिवळं फडकं लावायच्या, ते दिसलं की नाना खाली चावी फिरवायचे थांबायचे. मीटर वगैरे काही नाही. फडकं.

रात्री मोटेलमध्ये मी नळ उघडून बघितला. उगाच. आलं पाणी.

पाचवा दिवस आणि सहाव्याची सकाळ

पाचवा दिवस नुसता परतीचा, सहाशे किलोमीटर, एकदा पेट्रोल, दोनदा चहा, एकदा कांगारू आडवं आलं थोडक्यात वाचलो. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी नानाच म्हणाले, तो घोडावाला किनारा राहिला. फ्रीमँटलच्या दक्षिणेला तो बीच आता ओकॉनरच्याच नावाने आहे. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यातच, घोड्यावर बसलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा उभा केलाय. लाटा घोड्याच्या अंगावर येतात. बायकोही आली होती, वारा फार होता.

मी नानांना त्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. मरायच्या आधी ओकॉनरने लिहून ठेवली होती. त्यात लिहिलंय की कूलगार्डीची योजना ठीक आहे, संधी मिळाली असती आणि खोट्या आरोपांपासून संरक्षण मिळालं असतं तर मी ती पुरी केली असती. आणि सगळ्यात शेवटी, तारीख वगैरे घालून झाल्यावर एक ओळ, हेलेना धरणाच्या बाजूच्या भिंती ताबडतोब घाला.

"तारखेच्या खाली?" नानांनी विचारलं.

"तारखेच्या खाली."

नाना बराच वेळ घोड्याकडे बघत होते. मग पिशवीतून ती स्टीलची बाटली काढली, कालगूर्लीला भरलेली, झाकण फिरवलं, एक घोट तोंडात घेऊन खळखळवला आणि गिळला.

"क्लोरीन बरोबर आहे," म्हणाले, आणि बाटली मुलीच्या हातात दिली.